शंकू गोगलगायींची ओळख रंगावरून ठरत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कोकण, गोवा आणि कारवार किनाऱ्यावर सापडणाऱ्या शंख-शिंपल्यांविषयीचा सचित्र लेख वाचला. घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील वाचकांना समुद्रातील जीवसृष्टीविषयी मराठीत काही वाचायला मिळावे, असे क्वचितच घडते. त्याबद्दल लेखकाचे आणि आपल्या संपादक मंडळाचे मनापासून आभार. मात्र त्याच लेखात नक्षीदार, निमुळत्या शंखाचे एक मोठे छायाचित्र असून, हा शंख रंगावरून सहज ओळखता येतो आणि निरुपद्रवी असल्यामुळे मुलांच्या संग्रहाला चांगला, अशा आशयाचा मजकूर त्याखाली छापला आहे. छायाचित्रातील शंख शंकू गोगलगायीचा आहे, हे त्याच्या आकारावरून निश्चित सांगता येते. या प्राण्याबाबत छापलेली ही दोन्ही विधाने बरोबर नाहीत. शंकू गोगलगाय रंगावरून ओळखता येत नाही, आणि ती जिवंत असेल तर निरुपद्रवी तर मुळीच नसते, कारण तिचा दंश विषारी असतो. ही दुरुस्ती सविस्तर छापली जावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा केवळ पुस्तकी तपशिलाचा वाद आहे असे कोणाला वाटू नये. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत चोर्ला घाटाने गोव्याला, आंबोलीमार्गे वेंगुर्ले-मालवणला आणि अनमोड उतरून पुढे कारवारला आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे जातात, शाळांच्या सहली जातात. समुद्र रोज डोळ्यांसमोर नसल्यामुळे आपल्या मुलांना त्याचे अप्रूप अधिक असते, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतल्या डबक्यांत हात घालून जे सापडेल ते खिशात टाकण्याची हौसही अधिक असते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या मुलांना कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे घरातच कळते. आपल्याकडच्या मुलांना ते वर्तमानपत्रातून आणि शाळेतूनच कळणार आहे.

वर्गीकरणात शंकू गोगलगाय नेमकी कोठे बसते, हे आधी सांगितले पाहिजे. मृदुकाय संघ, त्यातील उदरपाद वर्ग, त्यातील निओगॅस्ट्रोपोडा हा गण, कोनॉयडिया हे अधिकुल आणि कोनिडी हे कुल, असा तिचा पत्ता आहे. पावसाळ्यात आपल्या परसात आणि भाजीच्या मळ्यात दिसणारी गोगलगायही उदरपादच, पण ती फार दूरची नातेवाईक. कवडीदेखील या गणातली नाही. पूजेचा शंख, ज्याचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम असे आहे, तो निओगॅस्ट्रोपोडा गणातलाच असला तरी त्याचे कुल वेगळे आहे. शंकू गोगलगायीचे खरे भाऊबंद म्हणजे टेरेब्रिडी कुलातील लांबुळके, सुईसारखे टोकदार शंख आणि टरिडी कुलातील शंख. या सर्वांना एका अधिकुलात घालण्याचे कारण कवचात नाही, तर त्यांच्या विषग्रंथीत आणि दातांत आहे, आणि हे तीन गट बाहेरून एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत. ज्यांनी केवळ कवचे मांडून वर्गीकरण केले असते, त्यांना हे नाते कधीच दिसले नसते.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कोनस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने कवचेच होती. काळ्यावर पांढरे त्रिकोणी ठिपके असलेली कोनस मार्मोरियस ही जाती या प्रजातीचा नमुना म्हणून मानली जाते. फ्लेमिंग यांनी १८२२ मध्ये कोनिडी हे कुल मांडले. त्यानंतरचा बराच काळ हा विषय युरोपातील श्रीमंत संग्राहकांच्या दिवाणखान्यात वाढला, आणि त्याचा परिणाम वर्गीकरणावर झाल्यावाचून राहिला नाही. एखाद्या कवचावर पट्टा थोडा रुंद दिसला, ठिपके थोडे विरळ दिसले, की नवी जाती जाहीर होई. नव्या नावाच्या शंखाला अधिक किंमत येत असल्यामुळे नावे वाढवण्यात व्यापाऱ्यांचाही स्वार्थ होता. आज शंकू गोगलगायींची जेवढी नावे ग्रंथांतून आढळतात, त्यांपैकी पुष्कळशी एकाच जातीला वेगवेगळ्या रंगछटांमुळे मिळालेली आहेत. खरोखरच वेगळ्या अशा जातींची संख्या सुमारे ९०० ते १००० च्या दरम्यान मानली जाते. समुद्रातील एवढ्या जाती एकाच कुलात, आणि त्यांतील बहुसंख्य एकाच प्रजातीत असणे, हे प्राणिसृष्टीत फार क्वचित आढळते.

कोनस ग्लोरियामॅरिस या जातीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. केम्निट्झ यांनी १७७७ मध्ये तिला हे नाव दिले. नंतर जवळजवळ दोन शतके तिचे मोजकेच नमुने ज्ञात होते, आणि ती जगातील सर्वांत दुर्मीळ शंखांपैकी एक समजली जाई. १९६९ मध्ये सॉलोमन बेटांपैकी ग्वादलकनालजवळ पाणबुड्यांना ती मोठ्या संख्येने सापडली आणि तिचे बाजारातील मोल कोसळले. प्राणी दुर्मीळ नव्हताच, माणसाला त्याचे घर माहीत नव्हते. कवच हाती असूनही प्राण्याविषयी काहीच ठाऊक नसणे म्हणजे काय, हे या इतिहासावरून समजते.

अलीकडच्या काळात हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. २००९ मध्ये टकर आणि तेनोरियो यांनी कवच व दात यांच्या अभ्यासावरून जिवंत शंकू गोगलगायींची तीन कुले आणि ८२ प्रजाती सुचवल्या. संशोधकांत यावर मोठा मतभेद झाला, कारण शतकानुशतके कोनस म्हणून ओळखल्या गेलेल्या प्राण्यांना अचानक परकी नावे मिळणार होती. २०१४ मध्ये प्विलांद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी मान्य असलेल्या ७६१ जातींपैकी ३२० जातींच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली, आणि त्यात चार स्पष्ट शाखा दिसून आल्या. त्यानुसार सर्व शंकू गोगलगायी कोनिडी या एकाच कुलात ठेवून कोनस, कोनास्प्रेला, प्रोफंडिकोनस आणि कॅलिफोर्निकोनस अशा चार प्रजाती मानल्या गेल्या. नंतरच्या काळात लिलिकोनस आणि पिग्मीकोनस या छोट्या कवचांच्या आणखी दोन प्रजाती त्यांत धरण्यात आल्या. ज्ञात जातींपैकी सुमारे ८५ टक्के जाती कोनसमध्येच राहिल्या. माझ्या मते ही मांडणी अधिक समंजस आहे, कारण तिच्यात नातेसंबंध जपला जातो आणि जुन्या ग्रंथांतील नावे वाचणाऱ्याची वाटही चुकत नाही. कॅलिफोर्निकोनसमध्ये आज एकच जाती आहे. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते आणि किडे, गोगलगायी, मासे, कवचधारी प्राणी असे जवळजवळ सर्व काही खाते. इतर शंकू गोगलगायी आहाराबाबत फार काटेकोर असतात, त्यामुळे तिला स्वतंत्र स्थान मिळणे योग्यच वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हातातले कवच शंकू गोगलगायीचे आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात रामेश्वरच्या यात्रेहून कोणीतरी आणून दिलेला एक जड, तपकिरी शंख आहे. तो कोनस फिगुलिनस या जातीचा आहे. भोवरा टोकावर उभा धरावा तसा तो धरला, म्हणजे वरचा रुंद भाग हे त्याचे शिखर आणि खालचे निमुळते टोक हा त्याचा पुढचा भाग. शिखराच्या बाजूने पाहिले तर मध्यबिंदूपासून बाहेर फिरत आलेले वेढे मोजता येतात, आणि शेवटचा वेढा जेथे खाली वळतो तेथे एक स्पष्ट काठ, म्हणजे खांदा लागतो. कवचाची जवळजवळ सगळी उंची या एकट्या शेवटच्या वेढ्याने व्यापलेली असते. बाजूवर बारीक, गडद, समांतर रेषा शिखराकडून टोकाकडे एकाखाली एक गेलेल्या आहेत, आणि बोटाचे नख फिरवले तरी त्या जाणवत नाहीत, कारण त्या कोरलेल्या नसून कवचाच्या रंगातच आहेत. पालथा केला की मुख दिसते, आणि ओळखीची खरी खूण तीच आहे. हे मुख म्हणजे खांद्यापासून पुढच्या टोकापर्यंत जाणारी लांब, अरुंद, दोन्ही कडा जवळजवळ समांतर असलेली फट. बाहेरची कड पातळ आणि सरळ असते, तिला दाते नसतात, ती आत दुमडलेली नसते. आतल्या कडेवर, म्हणजे मधल्या खांबावर, वळ्या नसतात. पुढच्या टोकाशी, पाणी आत ओढण्याची नळी बाहेर काढण्यासाठी खाच असते. मुख बंद करणारे शिंगासारख्या पदार्थाचे झाकण इतके लहान असते की ते फटीचा फार थोडा भाग झाकते.

आणखी एक लक्षण कवच कापल्याशिवाय किंवा त्याचा क्ष-किरण फोटो काढल्याशिवाय दिसत नाही. गोगलगाय वाढत जाते तशी ती आतल्या जुन्या वेढ्यांच्या भिंती स्वतःच विरघळवून अगदी पातळ करते. त्यामुळे बाहेरून जाड आणि मजबूत दिसणाऱ्या या कवचाच्या आत प्राण्याला पुरेशी जागा मिळते. बाहेरचा वेढा शत्रूच्या नांगीला आणि दाताला दाद देत नाही, आणि आतली जागा मात्र वाया जात नाही. अरुंद फटीच्या या कवचात हे शरीर कसे मावते, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

आणि रंग? जिवंत शंकू गोगलगायीच्या कवचावर तपकिरी, मातकट रंगाचे एक आवरण असते. काही जातींत ते पातळ आणि अर्धपारदर्शक असते, काहींत इतके जाड आणि खरबरीत असते की खालची नक्षी मुळीच दिसत नाही. त्यावर शेवाळ आणि चुन्याचा थर बसतो तो वेगळाच. दुकानात मिळणारे, चकाकणारे शंख हे आवरण काढून, घासून, कधी तेल लावून ठेवलेले असतात. म्हणजे जो रंग पाहून ओळखावे असे आपल्या लेखात सुचवले आहे, तो रंग जिवंत प्राण्यावर बहुधा दिसतच नाही. ज्या मुलाला सुंदर नक्षीचा शंख तेवढा टाळायचा असे शिकवले आहे, ते मूल डबक्यातला मळकट तपकिरी शंख बिनधास्त उचलेल. माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

आपल्या किनाऱ्यावर शंकू गोगलगायीशी गफलत होण्यासारखे दोन-तीन प्रकार आहेत. ऑलिव्ह शंख लांबट आणि गुळगुळीत असतात, पण त्यांच्या मुखाच्या आतल्या कडेवर बारीक वळ्या असतात, आणि जिवंतपणी प्राण्याचे मांस कवचावर पसरलेले असल्याने ते मुळातच चकचकीत असतात, त्यांच्यावर मातकट आवरण नसते. स्ट्रॉम्बस गटातील काही शंख तर थेट शंकूसारखे दिसतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला पुढच्या बाजूला एक वेगळी खाच असते, ज्यातून तो प्राणी आपला दांडीवरचा डोळा बाहेर काढतो, आणि ही खाच शंकू गोगलगायीत कधीच नसते. पूजेच्या शंखाच्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात, तेवढ्यावरून तो वेगळा काढता येतो.

कवचावरून कुल ओळखता येते, फार तर जातीचा अंदाज बांधता येतो. प्राण्याचा स्वभाव मात्र दातांवरून कळतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पायला ही गोड्या पाण्यातली गोगलगाय शिकवली जाते. तिच्या तोंडात रॅड्युला नावाची कानशीसारखी पट्टी असते, आणि त्या पट्टीवर प्रत्येक आडव्या ओळीत सात दात असतात. त्या पट्टीने ती पाणवनस्पती खरवडून खाते. शंकू गोगलगायीत ही पट्टीच उरलेली नाही. तिचा प्रत्येक दात सुटा, कायटीन या कठीण पदार्थाचा, पत्रा गुंडाळावा तसा गुंडाळून पोकळ झालेला आणि टोकाला काटा असलेला भाला आहे. असे पुष्कळ भाले एका पिशवीत तयार अवस्थेत साठवलेले असतात. जवळच विषाची लांब, वेटोळी नळी असते आणि तिच्या एका टोकाला स्नायूंचा फुगा असतो. भक्ष्याचा वास पाणी ओढण्याच्या नळीवाटे आला, की गोगलगाय आपली लवचिक सोंड बाहेर काढते, पिशवीतला एक दात सोंडेच्या टोकाशी आणते, आणि फुगा आकुंचित होताच तो दात विषासह भक्ष्याच्या अंगात घुसवते. हे सारे इतक्या झटकन होते की संथ चालीच्या प्राण्याकडून ते अपेक्षितच नसते. एक दात एकदाच वापरला जातो.

आहारानुसार शंकू गोगलगायींचे तीन गट पडतात, आणि दातांची घडण त्याप्रमाणे बदलते. बहुसंख्य जाती समुद्रातले किडे खातात. आमच्या कपाटातला फिगुलिनस याच गटातला. दुसरा गट इतर गोगलगायींवर जगतो, आणि त्यात कोनस टेक्स्टाइल, कोनस मार्मोरियस, कोनस ग्लोरियामॅरिस या जाती येतात. या जाती एका भक्ष्यात एकामागून एक अनेक दात सोडतात. तिसरा गट मासे पकडणारा. कोनस स्ट्रायटस, कोनस मॅगस यांसारख्या जातींचे दात लांब, उलट्या काट्यांचे असतात आणि मासा सुटू नये म्हणून सोंड त्या दाताचे मागचे टोक घट्ट धरून ठेवते. पळणाऱ्या माशाला इतक्या मंद प्राण्याने धरायचे तर विष क्षणात भिनले पाहिजे, आणि म्हणूनच याच गटाचे विष माणसाला सर्वाधिक घातक ठरते. कोनस जिओग्राफस ही पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढणारी, पातळ कवचाची आणि तुलनेने रुंद मुखाची जाती तोंडाचा पडदा पसरून लहान माशांना आत ओढते. तिच्या विषात माशांच्या इन्सुलिनसारखे इन्सुलिन असते, ज्यामुळे माशांच्या रक्तातली साखर घसरून ते गुंगतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. माणसांच्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक या एकाच जातीच्या दंशाने झालेले आहेत. इंडोनेशियातील बांदा बेटांवर शंकू गोगलगायीच्या दंशाने झालेल्या एका स्त्रीच्या मृत्यूची नोंद निसर्ग अभ्यासक रुम्फियस यांच्या १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे, म्हणजे लिनियस यांनी कोनस हे नाव स्वीकारण्याच्या अर्धशतक आधीपासून हा धोका लेखी नोंदलेला आहे.

येथे वाचकांना घाबरवण्याचा हेतू नाही. मासे खाणाऱ्या मोठ्या जातींची वस्ती मुख्यतः प्रवाळांच्या उबदार, स्वच्छ समुद्रात असते. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमान येथे तसा समुद्र आहे. कारवार, गोवा, सिंधुदुर्गाच्या गढूळ, वाळूच्या आणि खडकाळ किनाऱ्यावर आढळणाऱ्या कोनस हायना, कोनस बिलिओसस यांसारख्या जाती आकाराने मध्यम असतात. तरीही विषनळी आणि भाला प्रत्येक शंकू गोगलगायीला असतो. कवचावरून नेमकी जाती ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते, तेथे डबक्याशी वाकलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून त्या निवाड्याची अपेक्षा करणे गैर आहे. लांब अरुंद फटीचा, निमुळता शंख पाण्यात किंवा ओल्या वाळूत दिसला तर त्याला हात लावायचा नाही, एवढेच सांगितले तरी पुरेसे आहे. रुंद टोकाकडून उचलले तर चालते, असा एक समज पर्यटकांत ऐकायला मिळतो. तो खोटा आहे. सोंड लवचिक असते आणि कवचाच्या बऱ्याच भागापर्यंत पोहोचते. कपड्यातून, पातळ हातमोज्यातूनही दात आत जातो.

दंश झालाच तर काय करावे, हे थोडक्यात नोंदवतो. या विषावर उतारा म्हणून द्यायचे औषध उपलब्ध नाही. जखम कापू नये, तोंडाने ओढू नये. हात किंवा पाय हलू न देता त्यावर रुंद पट्टी घट्ट बांधावी आणि व्यक्तीला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वेदना कमी असली तरी थांबू नये, कारण काही दंशांत वेदना फारशी नसते आणि तरीही श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्वास मंदावला तर कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू ठेवावा लागतो, आणि विषाचा अंमल ओसरेपर्यंत तो चालू राहिला तर माणूस वाचतो.

वर्गीकरणावर मी एवढा भर का देतो, हे सांगण्यासाठी याच विषाची दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ओलिवेरा आणि लूर्देस क्रूझ यांनी शंकू गोगलगायींच्या विषातील लहान प्रथिने वेगळी करण्यास सुरुवात केली. ओलिवेरा पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात गेले. तेथे मायकेल मॅकिंटॉश या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने कोनस मॅगसच्या विषातून २५ अमिनो आम्लांची एक साखळी शोधून काढली. ती मज्जारज्जूतील वेदनेचा संदेश वाहणाऱ्या कॅल्शियमच्या ठरावीक मार्गाला बंद करते. तिची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती झिकोनोटाइड या नावाने डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाली. मॉर्फीननेही न थांबणाऱ्या वेदनांसाठी ते पाठीच्या कण्यातील द्रवात पंपाने सोडले जाते. एकेका जातीच्या विषात अशी शंभराहून अधिक प्रथिने असतात आणि दोन जातींचे मिश्रण सारखे नसते. त्यामुळे जाती चुकीची ओळखली गेली तर त्यावरचे पुढचे सारे संशोधन चुकीच्या नावावर जमा होते. आपल्या राज्यातही हे काम झालेले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बालाराम आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे के. एस. कृष्णन यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या शंकू गोगलगायींच्या विषप्रथिनांचा अभ्यास केला. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग तर कारवारलाच आहे. खानापूर-जोयडा परिसरातून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये, असे मला फार वाटते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पुढे हे सगळे इंग्रजीतच भेटणार आहे. त्याची पहिली ओळख जर मराठी वर्तमानपत्रातून होणार असेल, तर ती अचूक असली पाहिजे.

संग्रहाविषयीही एक गोष्ट नमूद करतो. भारताच्या समुद्रातील कोनस मिल्नेएडवर्डसी या जातीला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान देण्यात आले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१३ मध्ये ६३२ जातींची स्थिती तपासली, तेव्हा काही जाती एखाद्याच बेटाभोवती किंवा किनारपट्टीच्या छोट्याशा भागात शिल्लक असल्याचे दिसले. किनाऱ्यावरच्या दुकानांत विकायला ठेवलेला चकाकता शंख बहुधा जिवंत प्राणी मारूनच मिळवलेला असतो. लाटेने वाळूवर टाकलेले, झिजलेले, मुखाच्या आत पूर्ण रिकामे असलेले कवच काठीने उलटून, नीट तपासून घेतले तर अभ्यासासाठी ते पुरते.

संपादक महोदय, माझ्या विनंत्या मोजक्या आहेत. त्या छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या चौकटीत प्रसिद्ध करावी. यापुढे शंखांचे छायाचित्र छापताना त्याखाली कुल आणि प्रजाती यांची शास्त्रीय नावे देवनागरीत द्यावीत. जाती निश्चित नसेल तर तसे नमूद करावे आणि केवळ प्रजातीवर थांबावे. शंख एकाच बाजूने न दाखवता शिखराकडून आणि मुखाकडून अशा दोन्ही बाजूंनी छापावा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. आपल्या लेखातील छायाचित्र पाठीच्या बाजूने घेतलेले आहे, त्यामुळे तो शंख कोणत्या जातीचा आहे हे मलाही या पत्रात सांगता आलेले नाही. मूळ शंख लेखकाकडे असल्यास त्याच्या मुखाचे छायाचित्र दुरुस्तीसोबत द्यावे, म्हणजे वाचकांना ती अरुंद फट स्वतः पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव